गळावरची बनावटी माशी : धागा, जर आणि पिसांचा एक अपरिचित धंदा

धागा, जर, लोकर, रेशीम, शेनील आणि पिसे हा माल आपल्या बाजारात साडी, ओढणी, शेरवानी आणि सजावटीसाठी विकला जातो. हाच माल जगात आणखी एका कामासाठी विकत घेतला जातो आणि त्या कामाचे नाव ऐकून आमचे व्यापारी मित्र हसतात. ते काम म्हणजे मासे पकडण्याच्या शौकिनांसाठी गळावर खोटी माशी बांधणे. या शौकाला फ्लाय फिशिंग म्हणतात आणि माशी बांधण्याच्या हुनराला फ्लाय टाइंग.

यात हसण्यासारखे काही नाही. संगणकावर चालणाऱ्या भरतकाम यंत्रांनी हातच्या जरीकामाची रोजी किती कमी केली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माशी बांधण्याचे काम मात्र आजही बोटांनीच होते. धर्मापुरीसारख्या गावात बसून सुई-धाग्यावर पोट भरणाऱ्या कारागिरांनी या धंद्याची माहिती करून घ्यावी, त्यातील फायदा समजून घ्यावा आणि धोकाही समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

हा शौक आहे तरी काय?

आपल्याकडे धनेगावच्या मांजरा धरणात किंवा गावतळ्यात रोहू, कटला, मृगळ हे मासे बहुधा जाळ्याने धरतात. गळ टाकणारा गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतो, वर शिशाचे वजन बांधतो आणि त्या वजनाच्या जोरावर दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हा हिशेब उलटा आहे. येथे आमिष म्हणजे पिसे आणि धाग्याची माशी. ती इतकी हलकी की फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून दोरीच जड केलेली असते. लवचीक काठीने ही जड दोरी हवेत मागे-पुढे झुलवून सोडतात आणि तिच्या ओढीने माशी जाऊन पाण्यावर अलगद टेकते. पाण्यावरचे किडे खाणारा मासा तिला खरा किडा समजून तोंड घालतो.

या दोरीला नंबर असतात आणि ते कापडवाल्याला लगेच समजतील. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन किती, त्यावर नंबर ठरतो. ५ नंबरच्या दोरीचे हे वजन १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, तर ८ नंबरचे २१० ग्रेन म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते. आपला डेनिअर तरी दुसरे काय आहे? ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. नंबर वाढला की माल जड, असा दोन्हींचा नियम.

गळाचा नंबर मात्र सुती धाग्याच्या काउंटसारखा चालतो. काउंट वाढला की धागा बारीक, तसा नंबर वाढला की गळ लहान. १० नंबरच्या गळापेक्षा १६ नंबरचा गळ बराच बारीक असतो. ऑर्डर वाचताना ही गोष्ट उलटी समजली तर सगळा माल वाया जाईल.

काठी साधारण ९ फुटांची असते. पूर्वी ती चीनमधील टोंकिन बांबूच्या पट्ट्या चिकटवून करीत. नंतर काचतंतूची आली आणि १९७० च्या दशकापासून कार्बन तंतूची. दोरी पूर्वी विणलेल्या रेशमाची असे. तिच्यात जवसाचे तेल मुरवीत आणि तरंगावी म्हणून वर चरबीचा लेप देत. दोरीच्या टोकाला माशाला दिसू नये असा बारीक तंतू लागतो. तो स्पेनच्या मुर्सिया भागात रेशमाच्या अळीच्या ग्रंथी व्हिनेगरमध्ये भिजवून, ओढून तयार करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आले आणि हा मोठा धंदा बसला. आज बीड-जालना भागात तुती आणि कोषांचा व्यापार वाढला आहे, पण रेशमाला या बाजूने आता मोठे गिऱ्हाईक नाही, हे ध्यानात असावे.

शौक जुना आहे

इ.स. २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे, की मॅसेडोनियाचे लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बांधतात आणि त्यावर मासे धरतात. म्हणजे लोकर, धागा आणि कोंबड्याचे पीस हे या धंद्याचे भांडवल अठराशे वर्षांत फारसे बदललेले नाही.

आपला भागही या शौकाला परका नाही. धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मानले जाते. त्याच घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजांच्या करमणुकींबरोबर गळाने मासे धरण्यावरही एक प्रकरण आहे आणि माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळ आणि दोरी यांची माहिती दिली आहे. माशीचा शौक इंग्रजांबरोबर आला, पण गळाचा शौक दख्खनच्या दरबारात त्याआधी सात-आठशे वर्षे होता.

काश्मीरची हकीकत तर व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे ट्राउट मासा मुळात नव्हता. श्रीनगरात गालिचांचा कारखाना चालविणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी त्याची अंडी विलायतेहून आणविण्यासाठी खटपट केली. १८९९ ची पहिली खेप वाटेत नाश पावली. १९०० मध्ये दुसरी खेप सुखरूप पोहोचली आणि तेथून काश्मीरच्या नद्यांत ट्राउट पसरला. आज तेथे मासेमारीसाठी पर्यटक येतात आणि हॉटेलवाला, घोडेवाला, वाटाड्या या सर्वांची रोजी त्यावर चालते. ही सुरुवात एका गालिचावाल्याने करून दिली.

महाराष्ट्रात मान महासीर या माशाला आहे. दख्खनच्या महासीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास चालविली आणि त्याची पिले अनेक ठिकाणी दिली. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही शौकिनांची जुनी संस्था आहे.

माल कोणता लागतो?

माशी बांधण्याच्या सामानाची यादी वाचली की आपल्याच दुकानाची वही वाचल्यासारखे वाटते. धागा ७० किंवा १४० डेनिअरचा, सपाट बसणारा आणि न तुटणारा. अंगासाठी लोकर, रेशमी फ्लॉस किंवा शेनील. चमकीसाठी जर. आपण ज्याला बादला म्हणतो, ती चपटी तार या धंद्यात सपाट टिन्सेल म्हणून चालते. कलाबत्तू म्हणजे धाग्याच्या गाभ्यावर गुंडाळलेली धातूची पट्टी, ती तेथे गोल किंवा अंडाकृती टिन्सेल होते. सुरतच्या जरीवाल्यांना हा माल नवा नाही. एकच अडचण आहे, साधी नकली जर पाण्याने काळी पडते. म्हणून आता बरेच लोक पॉलिएस्टरवर धातूचा मुलामा दिलेली पट्टी वापरतात.

पिसांत सर्वांत मोलाचे पीस कोंबड्याच्या मानेचे. ते लांब, अरुंद आणि ताठ असते. गळाभोवती गुंडाळले की त्याचे केस किड्याच्या पायांसारखे चहूबाजूंनी उभे राहतात आणि माशीला पाण्यावर तोलून धरतात. एके काळी ही पिसे कातडीसह भारतातून जात आणि परदेशी दुकानांत 'इंडियन नेक' याच नावाने ओळखली जात. नंतर अमेरिकेत केवळ पिसांसाठी कोंबड्यांच्या खास जाती तयार केल्या गेल्या आणि उंची माल तिकडचा ठरला. गावठी कोंबड्याचे पीस आजही साध्या माशीला चालते, पण त्यात निवड फार करावी लागते.

गळ मात्र चांगलाच घ्यावा लागतो. इंग्लंडमधील रेडिच हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होते आणि तेथेच गळही होत, कारण दोन्हींचे पोलाद आणि पाणी देण्याची विद्या एकच. हलका गळ वाकतो किंवा मोडतो आणि मग वरच्या सुंदर कामाला कवडीची किंमत राहत नाही.

माशी कशी बांधतात?

टेबलावर लहानशी वाइस बसवून तिच्यात गळ आडवा पकडतात. उदाहरणासाठी वूली बगर नावाची सोपी माशी घेऊ. प्रथम गळाच्या दांडीवर धाग्याचे जवळजवळ वेढे देतात, नाहीतर पुढचा माल घसरतो. मागे मऊ पिसाची शेपटी बांधतात. तेथेच शेनील, बारीक तार आणि मानेचे पीस यांची टोके अडकवितात. शेनील गुंडाळत पुढे आणले की अंग तयार झाले. मग पीस मोकळ्या वेढ्यांनी त्यावर फिरवितात आणि वरून तार उलट्या दिशेने फिरवून पिसाची दांडी दाबून टाकतात, म्हणजे माशाचे दात लागले तरी पीस सुटत नाही. शेवटी गळाच्या नाकाजवळ धाग्याचे छोटे डोके करून, गाठ आत दाबून वार्निशचा थेंब देतात.

नवशिक्याची नेहमीची चूक एकच. तो माल पुढेपर्यंत भरतो आणि गळाचे नाक बुजते. ज्या माशीत दोरी ओवता येत नाही ती माशी घेणार कोण? डोक्यासाठी जागा आधी सोडायची आणि मग काम सुरू करायचे. ज्याने नगीना बसविला आहे किंवा बारीक जरदोजी केली आहे त्याला हे सांगावे लागणार नाही.

कायद्याची सीमा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या विलायती माशांत राखी रानकोंबड्याचे ठिपकेदार पीस आणि मोराच्या पिसाचे तंतू फार वापरले जात आणि शौकीन ते आजही मागतात. भारतात हे दोन्ही पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. रानकोंबड्याचे एक पीसही विकू नये. मोराची आपोआप गळालेली शेपटीची पिसे देशात विकण्यास सवलत आहे, पण मोरपीस किंवा त्याची वस्तू परदेशी पाठविण्यास मनाई आहे. सांबर आणि चितळ यांच्या केसांनाही हात लावू नये. परदेशी दुकानदार तिकडे पाळलेल्या पक्ष्यांची पिसे वापरतो, म्हणून आपल्यालाही चालेल असे कोणी समजू नये. पार्सल कस्टममध्ये उघडले गेले तर दलाल बाजूला होतो आणि खटला कारागिरावर येतो.

यावर उपाय आहे. पाळलेल्या कोंबड्याची पिसे, बकऱ्याचे केस, लोकर आणि कृत्रिम तंतू रंगवून बहुतेक नमुने होतात. पिसे मात्र धुऊन, कीड मारून, पूर्ण वाळवून ठेवावीत. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळल्यावर अनेक देशांनी आपला कोंबडी-माल रोखला होता, म्हणून परदेशी पाठविण्यापूर्वी त्या देशाच्या पशुवैद्यकीय अटी लेखी मागवाव्यात.

हिशेब आणि गिऱ्हाईक

माशी डझनावर विकली जाते आणि डझनातील बाराही माशा जुळ्या बहिणींसारख्या लागतात. शेपटीची लांबी, तारेचे वेढे, डोक्याचा आकार, सर्व एक. समजा, एका माशीस ६ मिनिटे लागली. डझनास ७२ मिनिटे झाली. ८ तासांत साडेसहा डझन होतील आणि त्यातील दीड डझन निवडीत गेले तर हाती ५ डझन राहतील. मजुरी या पाच डझनांवर धरावी, साडेसहांवर नाही. वर गळाची किंमत वेगळी. असा हिशेब करून मगच भाव सांगावा. केनियात ब्रिटिश अमदानीपासून हे काम मजुरीवर चालते, श्रीलंका आणि थायलंडमध्येही कारखाने आहेत. त्यांच्याशी भावात झुंजणे कठीण आहे, मापात आणि सारखेपणात झुंजता येईल.

देशातले गिऱ्हाईक थोडे आहे, पण आहे. हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरच्या नद्यांवर शौकीन मंडळी परवाना काढून जातात. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, तेव्हा माल मार्चपूर्वी पोहोचला पाहिजे. यातील बरेच लोक मासा धरून पुन्हा सोडून देतात, म्हणून गळाचा उलटा काटा दाबून सपाट केलेला त्यांना हवा असतो. अशा बारीक गोष्टी विचारून घेतल्या तर गिऱ्हाईक टिकते. निर्यात करायची झाल्यास आयात-निर्यात कोड काढावा. कस्टमच्या यादीत गळ आणि मासेमारीच्या शौकाचे सामान ९५०७ या शीर्षकाखाली येते.

आमचा सल्ला एवढाच, की यासाठी कोणीही चालता धंदा सोडू नये आणि कर्जही काढू नये. एक वाइस, शंभर चांगले गळ आणि दुकानातला उरलासुरला माल घेऊन एकाच नमुन्याच्या बारा माशा बांधाव्यात. त्या ओळीत मांडून पाहाव्यात. बारावी माशी पहिलीसारखी असेल तर पवईच्या किंवा हिमाचलच्या एखाद्या जाणकाराला नमुना दाखविण्यास हरकत नाही. नसेल तर आणखी बारा बांधाव्यात. हाताला सफाई येण्यापूर्वी ऑर्डर घेतली तर पहिल्याच खेपेत नाव जाते, आणि नव्या धंद्यात नाव हेच खरे भांडवल असते.