स्वयंपाकघराची आंखणी

घर बांधूं इच्छिणारा गृहस्थ प्रथम दिवाणखान्याचा विचार करतो. उरेल ती जागा स्वयंपाकघरास मिळते. वास्तविक घरांतील स्त्रियांचा अर्धा जन्म तेथेंच जातो. देवळ्यास आमचें जुनें घर दुरुस्तीस काढलें, तेव्हां हीच चूक आमच्याही हातून होणार होती.

चिरंजीवांनीं नकाशा केला : एका भिंतीलगत लांब ओटा, वर फळ्या. सूनबाईंस तो पसंत पडला. सौभाग्यवतींनीं मात्र विचारलें, "आतां उभ्यानं माझ्यानं होत नाहीं, मग मीं बसायचं कुठं?" या प्रश्नास नकाशांत उत्तर नव्हतें. जिनें चाळीस वर्षें घर जेवूं घातलें, तिलाच त्या खोलींत जागा उरत नव्हती.

पाश्चात्त्यांनीं या विषयाचा शास्त्रीय विचार केला आहे. मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनीं १९२६ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींकरितां स्वयंपाकघर आंखलें, रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें तेथें बांधलीं गेलीं. गृहिणीचीं पावलें वांचावीं, हा हेतु. पुढें अमेरिकेंत शेगडी, मोरी व फ्रिज यांचा त्रिकोण कल्पून त्याची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट असावी, असा नियम रूढ झाला. नियम उत्तम, परंतु तो एकटीनें रांधणाऱ्या स्त्रीसाठीं आहे. एकत्र कुटुंबांत एक पोळ्या लाटते, दुसरी फोडणी देते, तिसरी भाजी निवडते. त्रिकोण लहान झाला कीं तिघी एकमेकींस अडखळतात.

म्हणून आम्हीं चार प्रकार ताडून पाहिले. एकरेषी ओटा अरुंद खोलीस बरा, पण कुटुंब मोठें असल्यास पायपीट फार. समोरासमोर दोन ओटे घातल्यास मध्यें निदान चार फूट वाट हवी. नालाकृति ओट्यास सामान पुष्कळ मावतें, परंतु जमीन उरत नाहीं. काटकोनी ओटा लगतच्या दोन भिंती घेतो व उरलेली जागा मोकळी ठेवतो. तोच आम्हीं पत्करला, आणि मोकळ्या कोपऱ्यांत खिडकीखालीं गुडघाभर उंचीचा बाक बसविला.

शेगडी आग्नेयेस ठेविली. आमच्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. त्यामुळें पूर्वीं त्या कोपऱ्यांतील चुलीचा धूर घरांत न पसरतां बाहेर जाई. गॅसला धूर नाहीं, परंतु तो हवेपेक्षां जड असल्यानें गळल्यास जमिनीलगत सांचतो. यास्तव वरच्या खिडकीखेरीज खालींही झरोका ठेवावा. ओटा काम करणारीच्या कोपरापासून चार-पांच बोटें खालीं असावा. गवंड्याच्या संवयीनें त्याची उंची ठरवूं नये.

आतां सकाळीं सूनबाई ओट्याशीं उभ्या असतात, सौभाग्यवती बाकावर बसून भाजी निवडतात, आणि मीठ किती घालावें याचा निकाल पूर्वींप्रमाणेंच तेथून लागतो. वाचकांस विनंति एवढीच कीं, नकाशा कायम करण्यापूर्वीं तो घरांतील वडील स्त्रीपुढें ठेवावा.