देवदर्शनाची वाट मोकळी असावी

॥ श्री ॥



बीदर आणि कलबुर्गी हे आपले सीमावर्ती जिल्हे देवस्थानांनी समृद्ध आहेत. भीमा-अमरजा संगमावरील श्रीक्षेत्र गाणगापूर, हुमनाबादनजीकचे श्री माणिकप्रभूंचे माणिकनगर, बीदरचे झरणी नरसिंह आणि कलबुर्गीचे श्री शरणबसवेश्वर यांच्या दर्शनासाठी कर्नाटक, महाराष्ट्र व तेलंगण या तिन्ही राज्यांतून भाविक येतात. पूर्वी ही मंडळी बैलगाडीने, रेल्वेने अथवा पायी येत. आज बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या किंवा भाड्याच्या वाहनाने येतात. वयोवृद्ध आईवडिलांना त्यामुळे दर्शन घडते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु ही वाहने जेथे व ज्या रीतीने उभी केली जातात, त्यामुळे पायी व सायकलने येणाऱ्यांची वाट दिवसेंदिवस बंद होत चालली आहे. या विषयाची माहिती सर्वांस व्हावी व त्यावर सर्वांनी मिळून उपाय करावा, या हेतूने हा लेख देत आहोत.

पायी येणाऱ्याचा मान

आपल्या परंपरेत पायी येणाऱ्या भाविकाचे स्थान मोठे आहे. गाणगापुरात संगमावर स्नान करून मठाकडे चालत येण्याची रीत आहे, आणि माध्यान्ही मधुकरी मागण्याची प्रथा आजही चालू आहे. श्री दत्तमहाराज माध्यान्ही कोणत्याही रूपाने भिक्षेस येतात, अशी भाविकांची दृढ श्रद्धा आहे. म्हणून त्या वेळी दारी आलेल्या कोणासही कोणी हटकत नाही.

हाच भाव रस्त्याच्या बाबतीत का नसावा, असे आम्हांस वाटते. डोक्यावर गाठोडे घेऊन अनवाणी चालणारी म्हातारी, सायकलला दुधाचे कॅन अडकवून निघालेला गवळी, शाळेतून परतणारी मुलगी यांच्यापैकी कोणाची वाट आपण अडवीत आहोत, याचा विचार गाडीची किल्ली काढताना क्षणभर तरी मनात यावा.

रस्त्याचा साधा हिशेब

आपल्या भागातील जुन्या गावांचे रस्ते मोटारींसाठी आखलेले नाहीत. बीदरच्या जुन्या शहराचेच उदाहरण घ्यावे. चौबाऱ्यापासून किल्ल्याकडे जाताना वाटेत पंधराव्या शतकातील महमूद गवानचा मदरसा लागतो. ते शहर वसले तेव्हा रस्त्यावर माणसे, घोडे व बैलगाड्या होत्या. घरे आणि दुकाने थेट रस्त्यास लागून आहेत. तेथे रस्ता रुंद करावयाचा म्हणजे कोणाचे तरी घर किंवा एखादी जुनी वास्तू पाडावी लागेल. म्हणून जो रस्ता आहे तोच सर्वांनी वाटून वापरणे भाग आहे.

सात मीटर रुंदीचा रस्ता धरून हिशेब करू. मध्यम आकाराची चारचाकी सुमारे पावणेदोन मीटर रुंद असते. भिंत किंवा गटार सोडून ती उभी केली, तर सुमारे दोन मीटर जागा व्यापते. दोन्ही बाजूंस अशा रांगा लागल्या की मध्ये तीन मीटर उरतात. बसची रुंदी सुमारे अडीच मीटर असते. म्हणजे बस जात असताना दोन्ही बाजू मिळून जेमतेम अर्धा मीटर मोकळा राहतो. सायकलचे हँडलच त्याहून रुंद असते. अशा वेळी सायकलस्वाराने कोठे जावे? त्याला एक तर थांबून दोन गाड्यांच्या फटीत शिरावे लागते किंवा जीव मुठीत धरून बसच्या पुढे पुढे जावे लागते.

जागेचा दुसरा हिशेबही लक्षात घेण्याजोगा आहे. नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मोकळ्या मैदानातील वाहनतळासाठी एका मोटारीस, वळण्याच्या व येण्याजाण्याच्या जागेसह, सुमारे २३ चौरस मीटर जागा धरतात. एक मोटार जेथे उभी राहते तेवढ्याच जागेत आठ-दहा सायकली सहज राहतात. तरीही आपल्याकडे देवळाच्या दारापाशी मोटार असते आणि सायकलला जागा नसते.

सायकलस्वारांची अडचण

सायकल हे आजही गरिबाचे आणि विद्यार्थ्याचे वाहन आहे. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत सायकलींची योजना राबविली. तिच्यामुळे आपल्या भागातील अनेक मुली शाळेपर्यंत पोहोचल्या. सायकल मिळाली, पण ती चालविण्यास रस्त्याची कडही लागते, आणि नेमकी तीच कड उभ्या गाड्यांनी व्यापलेली असते.

यात सर्वांत मोठा धोका उघडणाऱ्या दाराचा आहे. आपल्याकडे वाहनचालक उजव्या बाजूस बसतो. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावून त्याने मागे न पाहता दार उघडले, तर ते सुमारे मीटरभर रस्त्यात येते. मागून येणारा सायकलस्वार दारावर आदळतो किंवा ते चुकविण्यासाठी एकाएकी रस्त्याच्या मध्यभागी वळतो. दाराच्या आघातापेक्षा मागून येणाऱ्या मोठ्या वाहनाखाली सापडण्याचा धोका अधिक भयंकर असतो. यावर एक सोपा उपाय आहे. उजवीकडे बसलेल्याने दार डाव्या हाताने उघडावे. तसे करताना शरीर आपोआप वळते आणि दृष्टी मागच्या रस्त्याकडे जाते. डावीकडे बसलेल्यांनी उजव्या हाताने उघडावे. ही सवय घरातील मुलांनाही लावावी.

पादचाऱ्यांचे हाल

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ३२,८२५ पादचारी आणि ४,८३६ सायकलस्वार होते. हे सर्व मृत्यू उभ्या वाहनांमुळे झाले असे नाही. पण ज्याला चालण्यास कड उरत नाही तो वाहनांच्या मार्गात उतरतो, एवढे तर उघड आहे.

पदपथ कसा असावा याचेही माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदीची अडथळाविरहित जागा असावी. चाकांच्या खुर्चीवरील माणूस व समोरून येणारा माणूस एकमेकांस ओलांडून जाऊ शकतील, इतकी ही जागा असते. पदपथावर तिरपी लावलेली एक दुचाकीही ती संपवून टाकते. धडधाकट माणूस वळसा घालून जातो. काठी टेकीत चालणाऱ्या अंध व्यक्तीस मात्र तो वळसा कोठे घ्यावा हे कळत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धेस पदपथावरून उतरणे व पुन्हा चढणे हीच शिक्षा होते.

देवस्थानांच्या परिसरात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या भागात चैत्र-वैशाखात उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. वाहनचालक साहजिकच भिंतीच्या अथवा झाडाच्या सावलीत गाडी लावतो. त्यामुळे अनवाणी चालणाऱ्या भाविकास तापलेल्या डांबरावरून जावे लागते. ज्या सावलीची गरज पावलांना अधिक आहे, ती आपण लोखंडाला देतो.

उभ्या जीपगाडीच्या आडून रस्ता ओलांडणारे लहान मूल चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पालखी व रथाच्या वेळी अडचण अधिकच वाढते. मागे गर्दी लोटत असता पुढे एका गाडीमुळे वाट अरुंद झाली, तर चेंगराचेंगरीचा प्रसंग ओढवू शकतो. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडीलाही तीच वाट लागते.

नव्या वाहनाची पूजा

नवीन वाहन घेतल्यावर ते प्रथम देवाच्या दारी आणावे, ही आपली सुंदर रूढी आहे. खंडेनवमीस व दसऱ्यास तर अशा वाहनांची रीघ लागते. परंतु पूजा महाद्वारासमोर भर रस्त्यात होते, चाकाखाली लिंबे चिरडली जातात, नारळ रस्त्यावर फोडला जातो. पूजा होऊन गाडी निघून जाते आणि करवंटीचे तुकडे व लिंबाचा चिखल मागे राहतो. करवंटीने अनवाणी पाय कापतात व लिंबावरून सायकल घसरते. पूजेचे पुण्य वाहनतळावर केल्याने कमी होत नाही. तेथे पूजा करावी, करवंट्या उचलून ठेवाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी इतरांस धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवण्यास मनाई आहे. असे वाहन हलविण्याची तरतूद कलम १२७ मध्ये आहे. २०१७ च्या वाहन चालविण्याविषयीच्या केंद्रीय नियमांत पदपथ, सायकलमार्ग व पादचाऱ्यांची रस्ता ओलांडण्याची जागा येथे वाहन लावू नये, तसेच बसथांबा, शाळा व रुग्णालय यांची दारे अडवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुयोग्य पदपथ मिळणे हा पादचाऱ्यांचा हक्क असून तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सांगितले.

"दोन मिनिटांत दर्शन घेऊन येतो" हे कारण कायद्यात कोठेही नाही. शिवाय दोन-दोन मिनिटांसाठी आलेल्या गाड्या एकामागून एक येत राहतात आणि जागा दिवसभर अडलेलीच राहते.

इतरत्र काय केले गेले

ही अडचण केवळ आपली नाही. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून मोटार घेणाऱ्यास ती ठेवण्याची स्वतःची जागा आहे हे दाखवावे लागते. त्याच वर्षी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील मुख्य बाजाररस्ता वाहनांस बंद करण्यात आला. धंदा बुडेल अशी व्यापाऱ्यांची भीती होती, ती खरी ठरली नाही. पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांस बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. माथेरानला तर वाहने दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि पुढे लोक पायी वा घोड्यावर जातात. तरीही पर्यटकांची गर्दी कमी होत नाही. यावरून थोडे चालावे लागेल म्हणून येणारे येत नाहीत, ही समजूत खरी नाही असे दिसते.

आपण काय करावे

सभासदांनी आपापल्या गावच्या देवस्थानांतही पुढील गोष्टींचा आग्रह धरावा, असे आम्ही सुचवितो.

१. महाद्वाराजवळची जागा सायकली व अपंग भाविकांच्या वाहनांसाठी राखावी. चारचाकी वाहने सर्वांत दूर लावावीत.

२. भिंतीलगत १.८ मीटर रुंदीची पायवाट चुन्याने आखावी व तीत विक्रेत्यांचे हातगाडे किंवा दुचाकी उभ्या राहू देऊ नयेत. विक्रेत्यांस दुसरी जागा नेमून द्यावी, केवळ हुसकावून लावू नये.

३. उत्सवाच्या दिवशी सुटी असलेल्या शाळेचे मैदान व्यवस्थापनाच्या संमतीने वाहनतळासाठी घ्यावे व वृद्धांसाठी तेथून रिक्षाची सोय करावी.

४. सूचनाफलक मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही भाषांत असावेत. आपल्या भागात तिन्ही भाषा वाचणारे लोक आहेत.

५. स्वयंसेवकांनी चालकाशी नम्रतेने बोलावे. दूरच्या गावाहून आलेल्यास वाहनतळ कोठे आहे हे ठाऊक नसते.

भाविकांना विनंती अशी की, वृद्धांना महाद्वाराशी उतरवून गाडी लगेच पुढे न्यावी. शेजाऱ्यांच्या घराचे, दुकानाचे किंवा अन्य धर्मीयांच्या प्रार्थनास्थळाचे दार अडवू नये. श्री माणिकप्रभूंनी ज्या भूमीत सकलमताचा उपदेश केला, तेथे हे वेगळे सांगावे लागू नये. दुचाकी एका सरळ रांगेत लावाव्यात. जवळच्या भाविकांनी शक्य तेव्हा पायी किंवा सायकलने यावे.

गाडी दूर लावून चालत आल्याने दर्शनास पाच-दहा मिनिटे उशीर होईल. पण त्याच वाटेवरून एखादी वृद्धा कोणाचा हात न धरता देवापर्यंत पोहोचेल. आम्ही ही सेवाच मानतो. या कामी स्वयंसेवक म्हणून येऊ इच्छिणाऱ्यांनी कार्यालयात आपले नाव नोंदवावे, ही विनंती.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ