पाण्याला साजेसा मासा : लहान सिक्लिड परवडतील असे कसे मिळवावेत

सिक्लिड हे माशांचं एक मोठं कूळ आहे. बाजारात मिळणारी चिलापी (तिलापिया) याच कुळातली आणि कोकण-गोव्यात आवडीनं खाल्ला जाणारा काळुंदरही याच कुळातला. काही सिक्लिड मात्र जेमतेम बोटभर वाढतात. ते जोडी जमवतात, आपली जागा राखतात, अंड्यांवर पहारा देतात आणि पिल्लांचा थवा सोबत घेऊन फिरतात. घरातल्या दोन फुटी टाकीत हे सगळं पाहता येतं.

नव्या शौकिनाला अडते ती किंमत. पण महिन्याभरात मेला आणि पुन्हा आणावा लागला, की स्वस्तातला मासाही महागच पडतो. असं घडतं तेव्हा पुष्कळदा मूळ कारण त्याला न मानवणारं पाणी हेच असतं. म्हणून आपण सुरुवात दुकानापासून न करता घरच्या नळापासून करू.

पहिली पायरी : पाणी तपासा

दोन गोष्टी मोजायच्या. पहिली टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. त्याचं पेनसारखं मीटर स्वस्तात मिळतं. दुसरी पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं की अल्काकडे हे सांगणारा आकडा. 7 म्हणजे मध्यम, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी.

ढोबळमानानं टीडीएस दीडशेच्या आत असेल तर पाणी मऊ समजावं आणि तीनशेच्या वर असेल तर जड. धरणा-तलावांतून येणारं पाणी बहुधा मऊ असतं, बोअरवेलचं बहुधा जड. सोसायटीत दोन्ही मिसळत असतील, तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वेगवेगळं मोजून पाहावं.

दुसरी पायरी : पाण्याप्रमाणे जात निवडा

मऊ पाणी असेल तर दक्षिण अमेरिकेतल्या जाती पाहाव्यात. व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला रॅम पाचेक सेंटीमीटरचा आणि देखणा असतो. पण त्याला 27 ते 30 अंश तापमान आणि स्वच्छ, मुरलेली टाकी लागते. बोलिव्हियन रॅम रंगानं फिका, पण प्रकृतीनं दणकट. अ‍ॅपिस्टोग्रामा सुंदर असतात, मात्र त्यांची किंमत सहसा जास्त असते.

जड पाणी असेल तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकडे वळावं. तिथले शंखात राहणारे मल्टिफॅसिएटस हे सगळ्यांत लहान सिक्लिडांपैकी आहेत, चारेक सेंटीमीटरचे. विकत घेताना ते महाग वाटतात, पण मानवले की टाकीतच त्यांची वसाहत वाढते. मलावी सरोवरातला पिवळा लॅब जातीचा मासाही जड पाण्यातला. त्याला मात्र तीन फुटी टाकी हवी.

पाणी मधलं असेल किंवा आपण अगदी नवखे असाल, तर नायजेरियातला क्रिबेन्सिस घ्यावा. तो निरनिराळ्या पाण्यांत रुळतो आणि घरच्या टाकीत सहज वीण घालतो, म्हणून त्याची पिल्लं वाजवी दरात मिळतात. ऑरेंज क्रोमाइड हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, काळुंदराचा धाकटा भाऊबंद. गोड्या आणि मचूळ अशा दोन्ही पाण्यांत तो राहतो. टाकीत वाढवलेली पिल्लं मिळाली तर तोही चांगला पर्याय आहे.

इथे एक चूक सर्रास होते. कन्व्हिक्ट सिक्लिड सगळ्यांत स्वस्त म्हणून घेतले जातात. ते काटक असतात, पण दहा सेंटीमीटरच्या पुढे जातात आणि विणीच्या काळात टाकीतल्या इतर माशांना जगू देत नाहीत. ते घ्यायचे तर त्यांची टाकी वेगळीच ठेवावी.

तिसरी पायरी : मासा आणण्याआधी टाकी मुरवा

24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 12 इंच उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावतं. एका जोडीला ती पुरते. गाळण्यासाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरेसा आहे. थंडीत पारा उतरणाऱ्या गावांत 50 वॅटचा हीटर घ्यावा.

सजावटीवर खर्च करायची गरज नाही. क्रिबेन्सिसला गुहा लागते. नारळाची उकळून घेतलेली करवंटी किंवा आडवी ठेवलेली मातीची छोटी कुंडी चालते. रॅमला अंडी घालायला सपाट दगड हवा. शंखवासीयांना तळ्यातल्या गोगलगायींचे रिकामे, उकळलेले शंख चालतात. ते माशांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवावेत.

आता धीराचं काम. माशांचं उत्सर्जन आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जीवाणू त्यापासून बरंच सौम्य नायट्रेट बनवतात. हे जीवाणू जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकावं. एखाद्या परिचिताच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि हे जीवाणूही मारतो. पाणी भरताना आणि बदलताना क्लोरीन काढणारं औषध न चुकता घालावं.

चौथी पायरी : कुठे शोधाल

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार आणि चेन्नईत कोळत्तूर ही शोभेच्या माशांची जुनी ठिकाणं आहेत. तिथे वाण भरपूर असतो, पण अनेक ठिकाणांहून आलेले मासे एकत्र असतात.

सगळ्यांत किफायतशीर वाट म्हणजे आपल्याच शहरातला, हौसेनं पिल्लं वाढवणारा शौकीन. दोन-तीन दुकानदारांना विचारलं की अशी नावं कळतात. त्याच्याकडची पिल्लं इथल्याच पाण्यात जन्मलेली असतात, प्रवासात दमलेली नसतात आणि आई-बापही आपल्याला समोर पाहता येतात.

पाचवी पायरी : पारखून घ्या

मासे दुकानात कधी आले ते विचारा. आल्या दिवशी घेऊ नका. थोडा इसार देऊन आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा. घेण्याआधी समोर खाद्य टाकायला लावा. जो खात नाही, तो घ्यायचा नाही.

पोट खपाटीला गेलेलं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, भराभर हलणारे कल्ले, मिटलेले पर किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले, तर परत फिरावं. त्याच टाकीत मेलेला मासा दिसला तर बाकीचेही घेऊ नयेत.

लहान वयातच भडक रंगलेल्या रॅमपासून सावध राहा. काही ठिकाणी रंग लवकर यावा म्हणून संप्रेरकं देतात; असे मासे पुढे फिके पडतात आणि पुष्कळदा विणीला निरुपयोगी ठरतात. ‘बलून’ प्रकाराचा कणाच आखूड असतो, तर काही माशांना कृत्रिम रंग दिलेला असतो. अशांना गिऱ्हाईक मिळालं नाही, तरच ही पद्धत थांबेल.

सहावी पायरी : जोडी की पिल्लं

‘पेअर’ म्हणून विकलेले दोन मासे कधीकधी दोन नर निघतात. खरी जमलेली जोडी महाग असते. त्यापेक्षा एकाच जातीची पाच-सहा पिल्लं घ्यावीत. काही महिन्यांत त्यांतले दोघे आपणहून जोडी जमवतात आणि कोपरा राखू लागतात. उरलेल्यांना लगेच हलवावं लागतं, म्हणून ती परत घेण्याचं दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावं. शंखवासीयांच्या बाबतीत जोडी शोधायची गरज नसते. त्यांचा गटच ठेवावा.

सातवी पायरी : घरी आणल्यावर

जवळून आणला असेल तर पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगू द्यावी. मग थोडं थोडं टाकीतलं पाणी त्यात मिसळत अर्ध्या-पाऊण तासानं मासा जाळीनं सोडावा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

पार्सलनं आलेल्या माशाची रीत वेगळी. बंद पिशवीत कर्बवायू साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे तिथला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी न उघडता तापमान जुळू द्यावं आणि उघडल्यावर वेळ न दवडता मासा सोडावा. त्यासाठी पाठवणाऱ्याचा टीडीएस आणि पीएच आधी विचारून आपलं पाणी त्याच्या जवळ आणून ठेवावं.

नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावा. त्याच्यासोबत आलेला रोग तिथेच कळतो आणि जुने मासे वाचतात.

पिल्लं जास्त झाली तर

ती दुसऱ्या शौकिनाला द्यावीत किंवा दुकानात देऊन खाद्य घ्यावं. नदीत, तलावात किंवा विहिरीत एकही मासा सोडू नये. 1952 मध्ये भारतात आणलेली मोझांबिक तिलापिया पुढे अनेक जलाशयांत पसरली आणि स्थानिक माशांच्या मुळावर आली. ती याच काटक, पिल्लं जपणाऱ्या कुळातली आहे.

आज एवढंच करा : टीडीएस मीटर आणा, घरचं पाणी मोजा आणि आकडा लिहून ठेवा. तो हातात असल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. त्या पाण्यात सुखानं जगेल तोच मासा आपल्याला खऱ्या अर्थानं परवडणारा आहे.