खेळतं भांडवल

आमच्या जळगावात कुठल्याही वस्तूची किंमत दोनदा सांगितली जाते. एकदा रुपयांत आणि एकदा तोळ्यांत. मोटरसायकल घेतली, प्लॉट घेतला, मुलाची इंजिनिअरिंगची फी भरली, की घरातलं कुणीतरी म्हाताऱ्या माणसासारखं मान हलवून म्हणतंच, 'एवढ्यात इतके तोळे आले असते.' गेल्या महिन्यात पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा मीही मनात हाच हिशेब मांडला. मुलगा म्हणाला, 'आप्पा, आपली पोरगी रायफल मागते आहे. जर्मन. पाच लाखांच्या घरात जाते. तुम्ही जन्मभर कर्जं मंजूर केलीत, तुम्हीच सांगा, घालावेत का एवढे पैसे?'

नात नुकतीच एकवीस वर्षांची झाली. कॉलेजात एनसीसीच्या छावणीत तिनं पहिल्यांदा पॉइंट टू-टूची रायफल खांद्याला लावली. आता ती बालेवाडीला सराव करते. इतके दिवस क्लबची रायफल होती. ती चार जणांच्या खांद्यांना लागणारी, त्यामुळे एकाच्याही खांद्याला नीट न बसणारी. तिला स्वतःची हवी आहे.

मी मुलाला म्हटलं, दोन दिवस दे. फोन ठेवला आणि मेहरूणच्या तलावावर फिरायला गेलो. काठावर बोरं विकणाऱ्या बाया बसल्या होत्या. मेहरूणची बोरं आमच्याकडे प्रसिद्ध. पाव किलो घेतली आणि दगडावर बसून खाऊ लागलो. पण तोंडात बोराची चव होती आणि डोळ्यांपुढे मात्र वीस वर्षांपूर्वीची माझी केबिन होती.

साल २००६. खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एक दिवस एक प्राथमिक शिक्षक भेटायला आले. पगार आमच्याच बँकेत, खातं स्वच्छ, माणूस मितभाषी. म्हणाले, 'साहेब, सव्वा लाखाचं कर्ज पाहिजे. मुलीसाठी रायफल घ्यायची आहे.' मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनी पिशवीतून कागदाचे गोल काढून टेबलावर ठेवले. एनसीसीच्या छावणीत मुलीनं मारलेले नेम होते ते. पुण्याचा एक जुना नेमबाज आपली जर्मन रायफल विकत होता. मुलीला परवाना मिळण्याची व्यवस्था होत आली होती, फक्त पैसे कमी पडत होते.

मी बँकेच्या भाषेत विचार केला. ट्रॅक्टरचं नजरगहाण करता येतं, म्हशीचं येतं, पिठाच्या गिरणीचं येतं. रायफल तारण कशी घ्यायची? उद्या हप्ते थकले तर जप्त करून ठेवायची कुठे? बँकेला तिचा परवाना कोण देणार? लिलाव करायचा तर बोली लावणाराही परवानेवालाच पाहिजे. शिवाय विकणाऱ्याकडून जुनी वस्तू घ्यायची, म्हणजे कोटेशन नाही, बिल नाही. मी नाही म्हटलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. पण त्यावर मी एक वाक्य जोडलं, ते मला आजही टोचतं. मी म्हटलं, 'गुरुजी, मुलीच्या लग्नासाठी मागा. उद्या सकाळी मंजूर करतो.'

ते काही बोलले नाहीत. कागदाचे गोल एकावर एक नीट लावले, पिशवीत ठेवले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते पत्नीला घेऊन आले. बाईंनी रुमालात बांधलेले दागिने टेबलावर ठेवले. पाटल्या, पोत, एक जुना चपलाहार. सराफानं कस लावून वजन सांगितलं, अठरा तोळे. तेव्हा सोनं तोळ्याला नऊ-दहा हजारांच्या आसपास होतं. सव्वा लाख सहज बसत होते. मी सवयीनं विचारलं, कर्जाचं कारण काय लिहू? बाई पहिल्यांदाच बोलल्या, 'लग्नाचे म्हनूनच ठेवले होते, साहेब. लगन होईनच तिचं. पन त्याच्या आंधी तिले तिच्या मनाचं काहीतरी घिऊ द्या.' मी 'घरगुती गरज' असं लिहिलं आणि सही केली.

आता ती वस्तू एवढी महाग का असते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नातीमुळे कळलं, म्हणून वाचकांनाही सांगतो.

पॉइंट टू-टूचं काडतूस 'रिमफायर' म्हणून ओळखलं जातं. मोठ्या बंदुकीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध पेट घेणारी टोपी असते. इथे तशी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या पातळ कडेत भरलेला असतो आणि घोड्याचा टोला त्या कडेवर बसतो. आज जगभर चालणारं .२२ लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेत १८८७ साली आलं. गोळी शिशाची, वजन जेमतेम अडीच ग्रॅमच्या वर. टोला बसला की कड चेपते, म्हणून हे काडतूस पुन्हा भरता येत नाही. उडवलं की संपलं. त्या बारीक कडेत मसाला सगळीकडे सारखा बसवणं हेच कारखान्याचं खरं कसब. एका काडतुसात किंचित कमी-जास्त झालं, तर गोळीचा वेग बदलतो आणि नेम खाली-वर जातो.

पन्नास मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणजे मेहरूणच्या एका बोराच्या आठळीएवढं. तेही पन्नास मीटरवर, आणि तीन पवित्र्यांच्या प्रकारात गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून. रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते. घोड्याचा दाब ग्रॅमात जुळवायचा, दस्ता गालाला, खांद्याला, हाताच्या लांबीला मिलिमीटरनं बसवायचा, आणि नळी अशी की यंत्रात घट्ट आवळून दहा गोळ्या झाडल्या, तर जवळजवळ एकाच भोकातून जाव्यात. अशा रायफली जगात मोजकेच कारखाने करतात. जर्मनीतल्या उल्मचे आन्शुट्स आणि वाल्थर, ओबर्नडॉर्फचं फाइनवेर्कबाउ, स्वित्झर्लंडचं ब्लायकर. काडतुसांत बर्मिंगहॅमचं एली आणि लापुआ ही नावं. गंमत अशी की, एकाच कारखान्याच्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन नळ्यांनाही वेगवेगळ्या घाण्याची काडतुसं मानवतात. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल कारखान्याच्या चाचणी केंद्रावर नेतात, एकेका घाण्यातली काडतुसं झाडून पाहतात आणि जी जुळतील ती वर्षाची बेगमी म्हणून उचलतात. आपल्या बाया पापडासाठी उडदाची डाळ निवडतात, तसंच.

आमच्या जळगाव जिल्ह्यात, वरणगावला, लष्करासाठी लहान शस्त्रांची काडतुसं बनवणारी मोठी आयुध निर्माणी आहे. पण स्पर्धेचं .२२ काडतूस म्हटलं की आमच्या पोरांचे डोळे अजून परदेशाकडेच लागतात.

मी नातीला विचारलं, 'तू गोळ्या किती उडवतेस?' ती म्हणाली, सरावाच्या दिवशी शंभर. आठवड्यातून चार दिवस, वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर सोळा हजार. तिनं सांगितलेला दर काडतुसामागे वीस ते तीस रुपये. म्हणजे वर्षाला सव्वातीन ते पावणेपाच लाख! शिवाय जाडजूड जाकीट, पँट, बूट, हातमोजा, पट्टा, रेंजचं भाडं, प्रवास. मी कागदावर आकडे मांडले आणि स्वतःशीच हसलो. मुलगा विचारत होता रायफलचं, आणि खरा खर्च रायफलचा नव्हताच. बँकेत आम्ही कारखानदाराला हेच सांगत आलो. यंत्राला कर्ज मिळेल हो, पण कच्च्या मालाला आणि पगाराला रोज पैसा लागेल, त्याचं काय? त्या पैशाला मराठीत फार सुंदर शब्द आहे: खेळतं भांडवल. कितीतरी चांगली यंत्रं खेळत्या भांडवलावाचून गंजलेली मी पाहिली आहेत. पाच लाखांची रायफल कपाटात आणि काडतुसांना पैसे नाहीत, अशी घरंही असणारच.

महाराष्ट्राच्या खेळाचा इतिहास पाहिला तर त्यात गहाणखतं जागोजाग दिसतात. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्या पैशाचं कांस्यपदक झालं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली, आणि ते मिळालं याच .२२ रायफलीवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्निल कुसळे पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ४५१.४ गुणांवर तिसरा आला. प्राथमिक फेरीत तो ५९० गुणांसह सातवा होता. त्याचे वडील शिक्षक. मुलाच्या खेळापायी त्यांनीही कर्ज काढलं होतं, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून आलं. ते वाचताना मला माझे गुरुजी आठवले आणि घास घशात अडकला. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिचला कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतनं सहाशेपैकी ५९७ गुण मिळवून पन्नास मीटर प्रोनचं जगज्जेतेपद पटकावलं. वडील त्याच वर्षी, काही महिने आधी गेले होते. एनसीसीतून आलेल्या अंजली भागवतांची वाट तर त्याहीपूर्वीची. आणि या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ साली उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते आपले दादासाहेब मावळंकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले.

पण ही झाली पदकवाल्यांची नावं. बँकेत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की, शंभर कर्जदारांत एखाद्याचाच कारखाना मोठा होतो. बाकीच्या नव्याण्णवांचं काय, हा खरा प्रश्न. म्हणून फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या गुरुजींच्या मुलीचा पत्ता काढला. ती आता एका शाळेत शिकवते. गुरुजी मागेच वारले. मी ओळख सांगितली तर म्हणाली, 'ते लग्नासाठी मागा म्हणणारे साहेब ना?' मी खाली पाहिलं. ती मात्र हसली आणि चहा टाकायला उठली.

ती सात वर्षं खेळली. राज्याची पदकं मिळाली. मावळंकरांच्या नावाच्या स्पर्धेतून एकदा राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. तिथे पदक नाही. मग नोकरी, लग्न, मूल. रायफल तिनं एका होतकरू मुलीला विकली, जवळजवळ घेतल्या किमतीला. शिशाची मऊ गोळी नळीला फारसं झिजवत नाही आणि चांगली वस्तू नीट ठेवली तर भाव टिकवते. सोनं गुरुजींनी चौथ्या वर्षी सोडवून नेलं होतं, ते मला आठवत होतं. म्हणजे रायफलीचे पैसे परत आले, सोनं परत आलं. त्या अठरा तोळ्यांचा आजचा भाव सांगायला नकोच. तोळा लाखापुढे गेला आहे. गेलं ते व्याज आणि काडतुसं. व्याजाचा आकडा माझ्याच सहीनं लागलेला होता.

मी विचारलं, 'मग मिळालं काय?' ती जरा थांबली. म्हणाली, 'साहेब, क्लबच्या रायफलीवर नेम चुकला की मी रायफलीला बोल लावायची. खरंही असायचं ते. स्वतःची आली आणि ती सोयच गेली. गोळी जिथे गेली तिथे मीच पाठवली होती. पहिले सहा महिने फार वाईट गेले. बाबांना सांगायची सोय नव्हती, आईच्या हातात तर पाटल्या नव्हत्या. मग हळूहळू चूक सापडायला लागली. श्वास, बोट, पाय. अजूनही वर्गात मुलांना गणित कळलं नाही, तर मी आधी माझं शिकवणं तपासते.'

मला वाटतं, चांगल्या हत्याराची किंमत यातच आहे. स्वस्त रायफल संशय शिल्लक ठेवते आणि संशयावर माणूस वर्षानुवर्षं फुकट घालवू शकतो. माझ्या लेखनाचंही असंच झालं होतं. बँकेच्या कामातून वेळ मिळत नाही, ही माझी क्लबची रायफल होती. निवृत्त झालो, सगळा वेळ हाताशी आला, आणि तरी पान वाईट उतरलं, तेव्हा कळलं की गोळी कुणी पाठवली.

हे सगळं खरं, पण पोराला हौस वाटली की लगेच पाच लाख मोडावेत, असं मी कुणाला सांगणार नाही. आधी दहा मीटरची एअर रायफल. ती तुलनेनं स्वस्त असते आणि त्यातून नाद टिकतो का ते कळतं. मग क्लबच्या .२२वर दोन-तीन वर्षं. स्वतःच्या गुणांची वही क्लबच्या हत्याराच्या मर्यादेला टेकली, असं प्रशिक्षकानं सांगितलं, तर मग स्वतःची. आणि ही घरात मिरवायची वस्तू नव्हे. तिची गोळी एक-दीड किलोमीटरवरही माणसाला इजा करू शकते. परवाना, कुलूपबंद कपाट, काडतुसांचा चोख हिशेब, यांत ज्याला कंटाळा येतो त्यानं या वाटेला जाऊ नये.

नातीनं वही पाठवली. तीन वर्षांचे गुण, तारखेसह, खाडाखोड नसलेले. प्रशिक्षकांचं पत्रही. मी ती वही जुन्या सवयीनं कर्जदाराचा ताळेबंद तपासावा तशी तपासली. मग मुलाला फोन केला. म्हटलं, रायफल मी घेऊन देतो. जुनी, चांगली ठेवलेली मिळाली तर जुनीच, प्रशिक्षकानं झाडून पाहिलेली. पण तू दोन वर्षांच्या काडतुसांची तजवीज आधी कर, त्याशिवाय मी पैसे सोडणार नाही. मुलगा म्हणाला, 'आप्पा, तुम्ही अजून शाखाधिकारीच आहात.' मागून सूनबाईचा आवाज आला, 'आणि तिच्या लग्नाचं?'

मी म्हटलं, 'लग्न होईलच तिचं.' पुढचं वाक्य माझं नव्हतं, म्हणून बोललो नाही.

उद्या सोमवार. बँक उघडली की मुदत ठेव मोडायला जायचं आहे. काउंटरवरची मुलगी ओळखीची आहे. ती नक्की विचारेल, 'काका, मुदतीआधी मोडताय? व्याज जाईल.' जाऊ दे म्हणेन. ते कुठे जातं, ते आता मला ठाऊक आहे.