सानियाचे सामने आणि एक चुकलेले भाकीत

"औषधपाण्यावर नको, या वेळी काही हलकेफुलके लिहा," असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा विषय शोधायला मला लांब जावे लागले नाही. बरकतपुऱ्यात एका मित्राच्या घरी गेली वीसएक वर्षे रविवारी संध्याकाळी आम्हा चार डॉक्टरांची बैठक जमते. एक भूलतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, एक कान-नाक-घशाचे आणि चौथा मी, हाडांचा. इराणी चहा, उस्मानिया बिस्किटे आणि वाद असा कार्यक्रम असतो. राजकारणावरून आवाज फारच चढले की वहिनी आतून म्हणतात, "अहो, सानियाचं काढा बरं!" मग सानिया मिर्झाचे सामने निघतात. भांडण तिथेही होतेच, पण त्या भांडणाने कुणाचा रक्तदाब वाढत नाही.

वादाचा मुद्दा एकच : तिचा सर्वांत चांगला सामना कोणता?

भूलतज्ज्ञ मित्राचे उत्तर ठरलेले आहे. १२ फेब्रुवारी २००५, हैदराबाद ओपनची अंतिम फेरी. त्या दिवशी आम्ही दोघेही फतेह मैदानावर, म्हणजे लालबहादूर स्टेडियमच्या टेनिस संकुलात हजर होतो. तो शस्त्रक्रियांची यादी दुसऱ्याच्या गळ्यात घालून आला होता आणि मी ओपीडी लवकर आटोपून. समोर युक्रेनची अल्योना बोंडारेन्को होती. पहिला सेट सानियाने ६-४ घेतला, दुसरा ५-७ असा हातचा गेला, आणि तेव्हा सभोवार जी शांतता पसरली ती मला आजही आठवते. टेनिसमध्ये गुण चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचे असते, हे आपल्या गावाला त्या आठवड्यापर्यंत नीटसे ठाऊक नव्हते. पंचांना पुन्हापुन्हा विनंती करावी लागे. त्या वेळी मात्र कुणाला सांगावे लागले नाही. तिसरा सेट ६-३. डब्ल्यूटीएचे एकेरीचे विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, वय अठरा, आणि तेही आपल्या घरच्या मैदानावर! शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ, मी त्यांना ओळखत नव्हतो, माझा हात धरून "अपनी बच्ची है, अपनी बच्ची" असे म्हणत राहिले. सानियाचा जन्म मुंबईचा, ही माहिती मी त्या वेळी त्यांना दिली नाही.

बालरोगतज्ज्ञांना हे मान्य नाही. त्यांच्या मते घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकणे वेगळे आणि विजेत्याला हरवणे वेगळे. त्यांचा सामना त्यानंतर महिन्याभरातच दुबईला झालेला. समोर स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा, त्या वेळची अमेरिकन ओपनची विजेती. सानिया पहिल्या सेटमध्ये ०-४ अशी मागे होती आणि तिने तो सामना ६-४, ६-२ असा जिंकला. जानेवारीत मेलबर्नला सेरेना विल्यम्सने तिला ६-१, ६-४ असे हरवले होते, तरी त्या दुसऱ्या सेटमध्ये तिने सेरेनाला विचार करायला लावले होते, आणि दुबईची नांदी तिथेच झाली, असे त्यांचे प्रतिपादन असते. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती मारियन बार्तोलीला हरवून चौथ्या फेरीत पोहोचली. तिथे शारापोव्हाने तिला ६-२, ६-१ असे घरी पाठवले, यावर मात्र आमच्या बैठकीत कुणी फार बोलत नाही. तिच्या पोशाखावरून त्या वर्षी जो गदारोळ उठला त्यावरही नाही.

कान-नाक-घशाच्या मित्राची निवड मला नेहमी अधिक रसिक वाटत आली आहे. २००६ च्या सप्टेंबरात कोलकात्याला मार्टिना हिंगिसने सानियाला ६-१, ६-० असे हरवले. दुसऱ्या कुणी महिनाभर रॅकेट उचलली नसती. त्यानंतर आठवड्याभरातच सोलला तीच हिंगिस पुन्हा समोर आली, आणि सानियाने पहिला सेट गमावून ४-६, ६-०, ६-४ अशी बाजी मारली. "शून्याची परतफेड शून्याने," असे म्हणून मित्र चहाचा पेला खाली ठेवतात. पुढे २००७ च्या ऑगस्टमध्ये ती एकेरीत जगात सत्ताविसाव्या क्रमांकावर पोहोचली.

या साऱ्या सामन्यांचा प्राण होता तिचा फोरहँड. तिची सर्व्हिस बेताचीच होती, पायांची चपळाईही असामान्य नव्हती. पण चेंडू उजव्या हाताला आला की समोरची खेळाडू एक पाऊल मागे सरकत असे. हाडांचा डॉक्टर म्हणून माझे लक्ष तिच्या मनगटाकडे असायचे. चेंडू लागण्यापूर्वी ते जितके मागे वळे, तितके सामान्य माणसाचे वळत नाही. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात, त्यांना अस्थिबंधांनी बांधलेले असते आणि करंगळीच्या बाजूला कूर्चेची एक लहानशी गादी असते. सांधा जितका लवचिक तितका फटक्याला पल्ला अधिक. पण तोच सांधा दिवसातून शेकडो वेळा त्या वेगाने फिरवला तर त्याला सावरण्याचा भार स्नायूंवर आणि त्यांच्या बंधांवर पडतो. "ज्याने ती जिंकते आहे तेच तिला एक दिवस बसवील," असे मी २००६ सालीच बोललो होतो. बोलताना मला स्वतःच्या विद्वत्तेचे कौतुक वाटले होते, हेही कबूल करतो.

२००८ साली तिच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिम्पिकला एकेरीचा सामना तिने याच दुखण्यामुळे अर्धवट सोडला. त्या रविवारी तिघांनी माझ्याकडे पाहिले. मी अगदी न्यायाधीशाच्या थाटात सांगितले, "संपलं. वरच्या दर्जाचं टेनिस आता या हाताने होणार नाही."

याच सुमारास माझ्या ओपीडीत एक बारा-तेरा वर्षांची मुलगी आली होती. २००५ नंतर आपल्या शहरात मुलींच्या हाती रॅकेटी दिसू लागल्या होत्या, त्यांतलीच ती एक. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दुखत होते, सूज किरकोळ होती, क्ष-किरण तपासणीत काही नव्हते. सहा आठवडे विश्रांती, पट्टा, व्यायाम आणि शिकवणाऱ्याला भेटून रॅकेटची पकड बदलून पाहणे, एवढे पुरेसे होते. मी तिच्या आईला म्हणालो, "सानियाचं काय झालं पाहिलंत ना? अभ्यासाकडे लक्ष द्या." आईला बरे वाटले असावे. मुलगी टेबलाच्या कडेकडे पाहत होती. पुढच्या तपासणीला आई एकटीच आली आणि टेनिस बंद केल्याचे सांगून, आभार मानून गेली. ही गोष्ट मी बैठकीत आजवर सांगितलेली नाही.

१ फेब्रुवारी २००९ रोजी सानियाने महेश भूपतीबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. बीजिंगला सहा महिनेही झाले नव्हते. मित्रांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. "दुहेरी आहे हो ती, एकेरी नव्हे," असा बचाव मी केला, आणि तो पुढे कितीतरी वर्षे करत राहिलो. २०१३ पासून तिने एकेरी सोडलीच, तेव्हा तर माझे भाकीत खरे ठरले असे मी म्हणू लागलो. दुहेरी म्हणजे अर्धे मैदान आणि अर्धी मेहनत, अशी आपल्यातल्या पुष्कळांची समजूत असते, माझीही होती.

ती मोडली ११ जुलै २०१५ च्या रात्री. विम्बल्डनची महिला दुहेरीची अंतिम फेरी. सोलला जिच्यावर मात केली ती हिंगिस आता सानियाच्या बाजूला उभी होती. समोर मकारोव्हा आणि व्हेस्निना. पहिला सेट ५-७ गेला, दुसरा टायब्रेकवर मिळाला, आणि तिसऱ्यात रशियन जोडी ५-२ अशी पुढे गेली. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. घरात मी एकटाच जागा, आवाज बंद केलेला. तिथून या दोघींनी ५-५ केले. अंधार पडू लागल्याने खेळ थांबवून छत ओढले गेले, दिवे लागले, आणि पुन्हा खेळ सुरू झाल्यावर त्यांनी ७-५ असा सामना काढला. नेटजवळ हिंगिस चपळाईने चेंडू कापत होती, आणि मागच्या रेषेवरून येत होता तोच जुना फोरहँड. मी मनगटाकडे पाहत बसलो होतो. ज्या सांध्याला मी निवृत्त केले होते, तो विम्बल्डनच्या छताखाली काम करत होता. एकेरीतला सगळा पसारा टाकून तिने या एका फटक्याभोवती नवा खेळ रचला होता. त्या वर्षी एप्रिलमध्येच ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. सप्टेंबरात या जोडीने अमेरिकन ओपन जिंकली, २०१६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन, आणि मधल्या काळात सलग ४१ सामने. दुखावलेल्या अवयवाकडून काय काढून घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे, याचा हिशेब तिने आणि तिच्या उपचारकांनी माझ्यापेक्षा बराच चांगला मांडला होता. झोपायला गेलो तेव्हा मला ती टेबलाच्या कडेकडे पाहणारी मुलगी आठवली. ती आता कुठे असते, मला माहीत नाही.

२०२३ च्या जानेवारीत मेलबर्नला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीची अंतिम फेरी हरल्यावर बोलताना तिचे डोळे भरून आले. अठरा वर्षांची असताना आपण इथेच सेरेनाशी खेळलो होतो, याची आठवण तिने काढली. मुलगा इझान समोर होता. नंतर ५ मार्चला लालबहादूर स्टेडियममध्ये निरोपाचे प्रदर्शनीय सामने झाले, तेव्हा आम्ही चौघे आणि वहिनी असे पाच जण गेलो. खेळायला आलेल्या पाहुण्यांत मारियन बार्तोलीही होती, हे पाहून बालरोगतज्ज्ञ फार खूश झाले. अठरा वर्षांपूर्वी मी आणि भूलतज्ज्ञ साधारण कुठे बसलो होतो, ते आम्ही शोधत होतो. त्याचे बोट एकीकडे जाई, माझे दुसरीकडे.

परतताना मोटारीत पुन्हा तोच प्रश्न निघाला. इतकी वर्षे मी पंचाच्या भूमिकेत राहून उत्तर टाळत आलो होतो. या वेळी सांगितले, "विम्बल्डन, २०१५."

"दुहेरी?" भूलतज्ज्ञ म्हणाला. "तू?"

"हो, मीच."

नारायणगुड्याच्या उड्डाणपुलापर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. पूल उतरल्यावर म्हणाला, "पण बोंडारेन्कोविरुद्धचा तो तिसरा सेट तू माझ्या शेजारी बसून पाहिला आहेस, हे लक्षात ठेव." मागच्या आसनावरून वहिनींनी विचारले, चहा इथेच कुठे घ्यायचा की घरी.