आवडीचा रणगाडा

मुंबई-पुण्याहून रेल्वेने चेन्नईला निघालेली मंडळी अरक्कोणम मागे पडलं की सामानाची आवराआवर सुरू करतात, आणि त्या गडबडीत आवडी निघून जाते. राजकारणाच्या अभ्यासकांना हे नाव १९५५च्या काँग्रेस अधिवेशनामुळे ठाऊक असतं. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव इथलाच. मला मात्र आवडीची मोठी कमाई त्यानंतरची वाटते. भारतीय लष्कराचे रणगाडे इथे घडतात.

१९६१मध्ये व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीशी करार झाला आणि आवडीत हेवी व्हेइकल्स फॅक्टरीची पायाभरणी झाली. व्हिकर्सचा रणगाड्यांचा कारखाना न्यूकॅसलला, टाईन नदीच्या काठी. जहाजं आणि तोफा बांधण्यात त्या गावाच्या पिढ्या गेल्या होत्या. आवडीला असा वारसा नव्हता. तरीही १९६५मध्ये इथून पहिला ‘विजयंता’ बाहेर पडला. वजन सुमारे ३९ टन, १०५ मिलिमीटरची तोफ, आत चार जवान. पुढे दीड हजारांहून जास्त विजयंता बनले.

त्याचं दुखणं होतं पोटात. लेलँडच्या एल-६० इंजिनात सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन. एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावत येत आणि त्यांच्या मधल्या जागेत डिझेल पेट घेई. त्यामुळे सिलिंडरला वरचं झाकण लागतच नसे. वर एक, खाली एक असे दोन क्रँकशाफ्ट गिअरने जोडलेले. कल्पना देखणी, पण सिलिंडरच्या अस्तरातून गळती होई आणि इंजिन तापे. ब्रिटिशांचा चीफटन रणगाडाही याच इंजिनाने जेरीस आणला होता. आराखडा दुसऱ्याचा घेतला की त्यातली खोडही घरात येते.

स्वतःच्या आराखड्याच्या गोष्टीत आपलं नगर येतं. लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्था फाळणीमुळे रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आली. तिच्यातूनच १९७६मध्ये आवडीची संशोधन संस्था, सीव्हीआरडीई, उभी राहिली. तिच्याकडे काम आलं ‘अर्जुन’चं. १९७४मध्ये मंजूर झालेला हा रणगाडा लष्कराच्या हाती पडायला २००४ उजाडलं. या तीस वर्षांवर टीका पुष्कळ झाली, आणि ती रास्तही आहे. पण चिलखत, तोफ आणि तिला अचूक नेम देणारी यंत्रणा एकत्र बसवायची विद्या कुठलाही परवाना शिकवत नाही. ती याच वर्षांत आवडीच्या हाती आली. शेजारच्या शेडमध्ये दरम्यान रशियन परवान्यावर टी-७२ आणि टी-९० बनत राहिले.

सप्टेंबर २०२१मध्ये सुधारित अर्जुनच्या ११८ गाड्यांची मागणी नोंदवली गेली, रक्कम ७,५२३ कोटी रुपये. त्याचं १,४०० अश्वशक्तीचं इंजिन मात्र जर्मन. आवडीचं उरलेलं काम ते हेच. २० मार्च २०२४ रोजी म्हैसूरला बीईएमएलच्या आवारात १,५०० अश्वशक्तीचं देशी इंजिन पहिल्यांदा चाचणीसाठी सुरू झालं. ते रणगाड्यात बसून वाळवंटातल्या उन्हात टिकलं पाहिजे.