भावंडांमधला अबोला सोडताना

वडील गेले, वारस म्हणून सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर लागली, बहिणीपुढे हक्कसोडपत्र आलं आणि येणं-जाणं बंद झालं. हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या वारसासाठी सोडल्याचा नोंदणीकृत दस्त. दोघंही हयात आहेत तोवर भांडण दोघांचंच असतं. एक गेला की त्याच्या जागी बायको-मुलं वारस म्हणून येतात. सह्या वाढतात, आणि लहानपण एकत्र काढलेलं समोर कुणी उरत नाही. म्हणून घाई करायची ती आत्ताच.

आधी हक्क समजून घ्या. ‘लग्नात एवढा खर्च केला, आता हिस्सा कसला?’ हा वाद इथेच मिटतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात. बहीण हिस्सा मागते म्हणजे हावरट आहे, हे मनातून काढूनच पुढे जा.

मग फोन करा, आणि तो स्वतःच करा. मामा-आत्याकडून निरोप गेला की वाटेत त्याला फाटे फुटतात. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हा विषय नकोच. वाक्य साधं असू द्या: “ताई, रविवारी येऊ का? कागदाचं काही बोलायचं नाही.”

भेटीला एकट्याने जा. भाऊबीजेला घर भरलेलं असतं, त्यापेक्षा साधा दिवस बरा. बहुतेकांचं इथे एक चुकतं: ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणून ते मोकळे होतात. विसरायचं की नाही, हे ज्याला लागलं त्याने ठरवायचं. आपली चूक नेमकी सांगा: “आईच्या आजारपणात सगळं तुझ्यावर पडलं. मी फक्त पैसे पाठवले.” एवढं बोलून थांबा. ‘पण तूसुद्धा’ असं पुढे जोडलं की माफी वाया गेली.

जमिनीची बोलणी वेगळ्या दिवशी, सगळ्या वारसांना बसवून करा. एकमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदारांकडे शेतजमिनीच्या वाटपाचा अर्ज करता येतो. दावा आधीच कोर्टात असेल तर लोकअदालतीचा, म्हणजे तडजोडीने प्रकरण मिटवण्याचा, मार्ग आहे. तिथे मिटलं की भरलेली कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीचा मसुदा वाचून, समजून मगच सही करा.

कुणी आजारी असेल तर क्रम बदलू नका. दवाखान्यात भेटायला जाताना पिशवीत दस्त नेला, तर आपण कशासाठी आलो हे सगळ्यांना कळतं आणि पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागतं.

आणि समोरून ‘नको येऊस’ असं आलं तर? वाद घालू नका. “बरं, वाटेल तेव्हा फोन कर,” एवढंच म्हणा. मात्र त्या घरात कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं, तर आमंत्रणाची वाट पाहू नका. तेव्हा जायला हरकत नसते, आणि न गेल्याचं मात्र लक्षात राहतं.